लाभ्याचा दंडघेर

माझ्या आत्यासमोर उपाशी राहण्याची हिंमत अंबड तालुक्यात आजवर कोणत्याही जिवाने केलेली नाही. ज्यांनी रीतसर उपास धरले होते अशी माणसेसुद्धा तिच्या ओट्यासमोरून न जाता पलीकडच्या गल्लीने वळसा घालून गेलेली मी पाहिली आहेत. आत्या बत्तीस वर्षे अंगणवाडी सेविका होती, अंकुशनगरच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात. नोकरी संपली तेव्हा गावाने तिला साडी-नारळ देऊन निरोप दिला. तिने साडी घेतली, नारळ घेतला, निरोप मात्र घेतला नाही. अंबडला आमच्या शेजारी राहायला आली आणि आमची सबंध गल्ली हीच आता आपली अंगणवाडी असे समजून दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. फरक इतकाच पडला की पूर्वी लेकराला सहा वर्षे पूर्ण झाली की ते तिच्या तावडीतून सुटायचे, आता कुणालाच वयाची सूट राहिली नाही.

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, आत्या दंडाकडे बघते. अंगणवाडीत लेकराच्या दंडाला गुंडाळायची एक फीत असते, तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. माप हिरव्यात आले तर लेकरू ठणठणीत, पिवळ्यात आले तर काळजी, आणि लालमध्ये आले तर धावपळ. या मापाला दंडघेर म्हणतात. बत्तीस वर्षांत आत्याच्या बोटांनाच ती फीत पाठ झाली. आम्ही बदनापूरला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा बाकीची मोठी माणसे मुलीचे शिक्षण, स्वयंपाक, आवडीनिवडी विचारत होती. आत्याने पोह्यांची बशी घेता घेता मुलीचा दंड धरला, डोळे मिटले आणि जाहीर केले, "बराबर हाय. पण सकाळची न्याहारी करत न्हाई ही." मुलगी जालन्याच्या कॉलेजला जायची आणि सकाळची गाडी गाठण्यापायी तिची न्याहारी खरोखरच बुडायची, हे तिच्या आईलाही माहीत नव्हते. पुढे माझी बायको झाल्यावर तिने मला सांगितले, "मी त्या एका वाक्यावर होकार दिला. तुमच्याकडं मी बघितलंबी नव्हतं."

मी कोर्टात कारकून आहे. एकदा मी डबा घरी विसरलो म्हणून आत्या तो द्यायला आली. व्हरांड्यातल्या बाकावर पोलिसांनी तारखेला आणलेला एक आरोपी बसला होता आणि शेजारी त्याच्यावर नजर ठेवून एक शिपाई. आत्याने आधी एकाचा दंड चाचपला, मग दुसऱ्याचा, आणि पर्समधून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून दोघांच्या हातावर ठेवले. मला म्हणाली, "दोघंबी पिवळ्यात हायेत. कधी सोडून राह्यलेत ह्याला?"

"कोणाला?" मी विचारले.

"कोणालाबी. घरी जाऊन जेवंल तरी."

दोघांनीही लाडू खाली मान घालून खाल्ले. त्या दिवशी साहेब उशिरा आले ते बरे झाले.

निवृत्त होताना आत्याने तीन वस्तू मागून घेतल्या होत्या. एक, झोळी अडकवून लेकरे तोलायचा जुना काटा. नवीन काटा आल्यामुळे तो अडगळीत पडला होता. दुसरी, दंडघेराची फीत. तिसरे, वजनाचे एक जुने कार्ड. या कार्डावर खाली लेकराचे महिने असतात, बाजूला किलो असतात, आणि दर महिन्याला एक ठिपका देऊन ठिपके जोडत गेले की लेकराची रेघ वर चालली की खाली घसरली ते समजते. तिथेही तेच, हिरवे, पिवळे, लाल. काटा तिने दाराच्या कडीला टांगला, कार्ड स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवले. कार्डावर नाव लिहायची जागा असते तिथे कॅलेंडरची एक पट्टी डकवलेली होती आणि खालच्या बाजूला निळ्या शाईचे चार ठिपके होते. जुने कार्ड आहे, कुणी तरी वापरले असेल, असे समजून मी त्याकडे लक्ष दिले नाही.

नोकरी सुटली तरी आत्याची एक फेरी सुटलेली नव्हती. दरवर्षी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की एकदा आणि संपला की एकदा ती एसटीने अंकुशनगरला जायची आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या खोपटांच्या वस्तीवर, दिवस काढून यायची. लाडू वाटायला जात असणार, असे मी धरून चाललो होतो. गेल्या हंगामाच्या अखेरीस ती गेली तेव्हा तिला उशीर झाला होता. टोळ्या गावाकडे परतलेल्या, कोप्या मोडून पडलेल्या, आणि एका विझलेल्या चुलीच्या राखेत दीडेक महिन्याचे कुत्र्याचे पिल्लू बसलेले. आत्याने लाडू पदरात बांधले, पिल्लू रिकाम्या पिशवीत घातले आणि अंबडला आणले. कंडक्टरने पिशवीत काय आहे म्हणून विचारले, तर म्हणाली, "लेकरू हाय. निजलंय. हळू बोला."

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा प्यायली नाही. पिल्लू झोळीत घातले, काट्याला टांगले. एक किलो नऊशे. भिंतीवरच्या कार्डावर दीड महिन्याची रेघ शोधून तिने तांबड्या पेनाने ठिपका दिला. ठिपका लाल पट्ट्याच्याही खाली, जवळजवळ कागदाच्या तळाशी पडला. आत्याचा चेहरा उतरला.

"आत्या," मी म्हणालो, "हे कार्ड माणसाच्या लेकरांचं हाय. हे कुत्रं हाय."

"भूक येगळी असती का?" ती म्हणाली, आणि मला दूध आणायला पिटाळले. संध्याकाळपर्यंत गल्लीत खबर होती की आत्याकडे एक नवीन लाभार्थी आलाय. अंगणवाडीत ज्याला आहार मिळतो त्याला लाभार्थीच म्हणतात, त्यामुळे तिला त्यात काही गंमत वाटली नाही. गल्लीने मात्र त्याचे लाभ्या करून टाकले आणि तेच नाव पडले.

पुढचे तीन महिने लाभ्याने जे खाल्ले ते मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतही मिळालेले नाही. सकाळी उठल्या उठल्या दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. नऊला उकडलेले अंडे. दुपारी वरणभात, वर तुपाची धार. तिसऱ्या प्रहरी अंगणवाडीतल्यासारखी पिठागुळाची सुकडी. दिवे लागले की पुन्हा भाकरी, आणि निजताना दूध. मधल्या वेळात जे चालायचे त्याला आत्या 'वरचा आहार' म्हणायची आणि तो मोजत नसे. व्यायामाचे नाव काढले की तिचा एकच नियम, "अशक्त लेकराला दमवायचं न्हाई." त्यामुळे लाभ्या बाजाराला जायचा तो आत्याच्या कडेवर, बसस्टँडवर जायचा तो कडेवर, आणि पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचा तोही कडेवरच. तिथे तो सबंध वंदनेत तिच्या मांडीवर घोरायचा आणि खिरीच्या वेळेला बरोबर जागा व्हायचा.

ठिपके भराभर चढले. लाल संपला, पिवळा संपला, चौथ्या महिन्याच्या पुढे तर लाभ्या हिरव्यालाही मागे टाकून कार्डाच्या वरच्या कडेकडे निघाला. पोट जमिनीला टेकायला आले होते. बसला की उठायचे म्हणून आधी थोडा विचार करायचा. मी म्हणालो, "आत्या, आता पुरे कर. हे जास्ती होऊन राह्यलंय."

"वर जाऊन कुणी मेलेलं मी बघितलं न्हाई," आत्या म्हणाली. "अन् तुला काय कळतं? हे बघ." तिने फीत काढली आणि लाभ्याच्या पुढच्या पायाला, आपण जिथे दंड म्हणू तिथे, गुंडाळली. लाल. चांगला ठसठशीत लाल. ही तिची खरी अडचण होती. दर सोमवारी ती लाभ्याचा दंडघेर घ्यायची आणि दर सोमवारी तो लाल यायचा. इतकी भाकरी, इतकी अंडी, तरी पायाला काही लागत नव्हते. कुत्र्याचा पाय कुत्र्याच्याच पायाएवढा असणार, हे मी तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावले. तिने ऐकून घेतले आणि सुकडीत गूळ वाढवला.

आता माझी चूकही सांगितली पाहिजे, कारण या गोष्टीत शहाणा कोणीच नाही. मी मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि लाभ्याला व्यायाम पाहिजे असा निकाल देऊन टाकला. एका रविवारी आत्या एका बारशाला गेलेली होती. मी लाभ्याच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला देवीच्या टेकडीपर्यंत पळवत नेले, पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, पुन्हा चढवल्या आणि पळवत परत आणले. तो एकदाही थांबला नाही. जीभ लोंबत होती, पण मी पळालो की तोही पळायचा आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवायचा. मला वाटले, बघा, कसा खूश आहे. आपले माणूस पळतेय म्हणून तो बिचारा पळत होता, हे मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाभ्याने पुढचा डावा पाय जमिनीला टेकवला नाही. तीन पायांवर उठला, कण्हला, पुन्हा बसला. समोर दूधभाकरी ठेवली तर तोंड फिरवले. आत्या त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि तिच्या तोंडचे पाणीच पळाले. मला वाटले होते आरडाओरडा करील. ती इतकेच म्हणाली, "माझंच कायतरी कमी पडलं." टेकडीचे मी तिला सांगितले नाही. याची मला अजून लाज वाटते.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर एका म्हशीला सुई देत होते. आमचा नंबर आल्यावर त्यांनी लाभ्याला टेबलावर घेतले, पाय वाकवून पाहिला, खांदा दाबला, पोटावरून हात फिरवला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितले.

"ह्याला खाऊ कोण घालून राह्यलंय?"

"मी," आत्या म्हणाली.

"आणि पळवलं कोणी?"

"मी," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे पाहिले. कोर्टात मी भल्याभल्यांना कबुली देताना पाहिले आहे, पण त्या दिवशी ती किती जड असते ते समजले.

"हाड मोडलेलं न्हाई, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "पण मावशी, वाढत्या पिल्लाची हाडं कच्ची असतात. त्याच्यावर एवढं वजन, अन् वर ह्यांनी टेकडी चढवली. आधी आठ-दहा दिवस बिलकुल आराम. मंग दिवसातून तीन वेळा खायला, सहा महिन्याचं झालं की दोन वेळा, बस्स. फिरवायचं ते जेवढे महिने वय तेवढे पाच-पाच मिनिटं, साधा अंदाज म्हणून. आता चार महिन्याला वीस मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, त्याच्या चालीनं. बाकी अंगणात मोकळं सोडा. आपलं आपण खेळंल, दमलं की बसंल. पायऱ्या न्हाईत, पळवणं न्हाई."

"अन् पायाचं माप?" आत्याने फीत पुढे केली. डॉक्टरांना ती काय आहे ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसले, पण वाईट हसले नाहीत. त्यांनी फीत गुंडाळून तिच्या हातात परत दिली. "हे ह्याच्या कामाचं न्हाई, मावशी. ह्याचं माप इथं असतं." त्यांनी आत्याचा हात धरला आणि लाभ्याच्या कुशीवर ठेवला. "दाबून बघा. आता काही लागत न्हाई, नुसती चरबी. डोळ्याला दिसू नयेत, पण हाताला बरगड्या लागल्या पाह्यजेत. लागल्या की समजायचं, पोराचं बराबर चालू हाय."

आत्याने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. "बरगड्या लागल्या पाह्यजेत?" ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली.

घरी आल्यावर ती कार्डासमोर उभी राहिली आणि नावावर डकवलेली कॅलेंडरची पट्टी नखाने सोलून काढली. खाली निळ्या शाईत लिहिले होते, काजल. "तोडणीवाल्यांची पोर होती," आत्या म्हणाली. "बीडकडून टोळी आल्ती. आठ महिन्याची होती, आठ महिन्याची. झोळीत घातली तर काटा हलला न्हाई मला वाटलं. बरगड्या हाताला नुसत्या मोजून घे. मी रोज कोपीवर जाऊन चारायचे, तिची माय उसाच्या फडात जायची. चार महिने चारलं. हे बघ." तिने चार निळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. तळातून निघून पिवळ्याच्या कडेला आले होते. "अजून दोन महिने मिळाले अस्ते तर हिरव्यात आणली अस्ती. हंगाम सरला, टोळी गेली. मी लाडवाचा डबा बांधून दिला. पुढच्या साली ती टोळी आलीच न्हाई. कुठं गेली, काय झालं, कोण सांगणार? वीस वर्षं झाली रेघ तिथंच थांबलीय. तू हसशील, लेकराच्या कार्डावर कुत्रं चढवलं म्हणून. मला एकदा रेघ वर जाताना बघायची होती, बाबा."

मी हसलो नाही. तिने दरवर्षी दोनदा एसटीने जाणे, कोपी-कोपी फिरणे, हे सगळे मला तेव्हा एकदम समजले आणि इतकी वर्षे आपण साधे विचारलेही नाही याचे फार वाईट वाटले.

लाभ्या बरा झाला. आठ-दहा दिवस तो अंगणात पडून राहिला आणि आत्या त्याच्या शेजारी बसून राहिली, कारण त्याने आराम करायचा तर कुणीतरी लक्ष ठेवायला हवे. दुधातली भाकरी अर्धी झाली, गूळ बंद झाला, 'वरचा आहार' हा शब्दच घरातून गेला. पहिल्या दिवशी त्याने तीन वेळा खाऊन रिकामे ताट चाटले आणि आत्याकडे पाहिले, तेव्हा ती उठून ओट्यावर जाऊन बसली. मी तिला शाबासकी द्यायला गेलो तर तिचे डोळे भरलेले होते. रोज सकाळी ती डोळे गच्च मिटून त्याच्या कुशीवर हात ठेवायची. सुरुवातीला म्हणायची, "न्हाई लागत." महिन्याभराने एक दिवस म्हणाली, "लागली. एक." मग हळूहळू दोन्ही कुशींच्या लागू लागल्या, आणि एका सकाळी मी पाहिले तर तिचे डोळे उघडे होते. फिरायलाही तीच न्यायची. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिची चाल आणि डॉक्टरांनी सांगितलेली पिल्लाची चाल एकच निघाली. घड्याळ बघून वीस मिनिटे, पुढच्या महिन्यात पंचवीस, मग तीस. माझ्या हातात दोरी द्यायला ती अजून फारशी राजी नसते.

दिवाळीनंतर कारखान्याची धुराडी पेटली तेव्हा लाभ्याला नववा महिना लागला होता. कार्डावर तो काजलच्या पहिल्या निळ्या ठिपक्याच्या महिन्याशी येऊन पोचला होता, तिच्या ठिपक्यापेक्षा बराच वर. त्या वर्षी आत्याला एसटीने जाऊ न देता मी मित्राची गाडी मागून घेतली आणि लाभ्यालाही बरोबर घेतले. आत्याने गाडी कोप्यांपासून लांब, रस्त्यालाच लावायला सांगितली. जायला वीस मिनिटे, यायला वीस मिनिटे, म्हणजे लाभ्याचे आजचे फिरणे त्यातच बसते, हा तिचा बेत होता.

वस्तीवर पोचल्याबरोबर लाभ्या लहान पोरांमध्ये मिसळला. पळाला, लोळला, आणि दमल्यावर कुणी न सांगता पाचटाच्या सावलीला जाऊन बसला. आत्या कोपी-कोपीने चालली होती. लेकरांना ती लाडू देत होती, दंड बघत होती, पण तिची नजर त्यांच्या आयांकडे होती. वीस-बावीस वर्षांच्या पोरी, कडेवर लेकरू, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे. प्रत्येकीला ती विचारायची, "कुठल्या गावची गं तू? नाव काय तुझं?" मोळ्या बांधायला बसलेल्या एकीने मान वर न करता सांगितले, "काजल."

आत्याचा हात जागच्या जागी थांबला. "मायचं नाव काय?" आत्याने विचारले. त्या पोरीने सांगितले. गावही सांगितले, परभणीकडचे. ते नाव वेगळे होते, ते गाव वेगळे होते. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. मी पिशवीतून फीत काढून पुढे केली, तिला तेवढाच विरंगुळा म्हणून.

"मोठ्यांना फीत चालत न्हाई, बाबा," आत्या म्हणाली. "मोठ्यांना इचारावं लागतं." ती त्या पोरीसमोर खाली बसली, गुडघे धरून, हळूहळू. "काजल, जेवलीस का?"

"न्हाई, मावशी. अजून एवढ्या बांधायच्या राह्यल्यात."

आत्याने तिच्या हातातली मोळी काढून बाजूला ठेवली आणि तळहातावर लाडू ठेवला. पोरगी आधी लाजली, मग खाऊ लागली. उन्हे उतरायला लागली होती. लाभ्या उठून माझ्यापाशी आला आणि दोरी तोंडात धरून उभा राहिला, म्हणजे त्याची परतीची वीस मिनिटे आता त्याला हवी होती. मी आत्याला हाक मारली.

"थांब की जरा," आत्या मागे न बघता म्हणाली. "तिचा अजून अर्धा लाडू राह्यलाय."